विहिणीचा स्वेटर

तांड्यात एखादं लग्न ठरलं की नवरीच्या काचळीवर आरसे आणि कवड्या कोण बसवणार, हे कोणाला विचारावं लागत नसे. रामीबाई आडेच बसवणार. दिग्रस-पुसद रस्त्यावरच्या फाट्यापासून दीडेक किलोमीटर आत असलेल्या त्या बंजारा तांड्यात रोज फेटिया-काचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घालणाऱ्या आता चार-पाच म्हाताऱ्याच उरल्या होत्या. पण लग्नाला, तीजेच्या सणाला आणि फोटोला ती सगळ्यांनाच हवी असे. रामीबाई स्वतः साडी नेसायची, तरी सुई तिच्या हातात सात वर्षांची असल्यापासून होती. कोणी दुसऱ्या तांड्यातून भरून आणलेली काचळी कौतुकानं दाखवली, की ती उलटी करून आतली बाजू पाहायची आणि काही न बोलता परत द्यायची. तिच्या या न बोलण्याला बायका घाबरत.

अठ्ठावन्न वर्षांत आपल्यापेक्षा कोणाचा हात चांगला आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. ते पहिल्यांदा वाटलं ते नातू घरी आला त्या दिवशी.

तिची सून राखी दिग्रसची. राखीचे वडील तिथल्या एका जिनिंगमध्ये कामाला, आणि आई संगीता घर सांभाळून विणकाम करायची. आश्रमशाळेच्या वसतिगृहात असताना तिथल्या अधीक्षिकाबाईंनी तिला लोकरीचं विणकाम शिकवलं होतं आणि तेव्हापासून तिचा हात थांबला नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ओमचा जन्म दिग्रसला झाला. श्रावणात. तीन महिने तो तिकडेच होता. इकडे रामीबाईनं तेवढ्या दिवसांत त्याच्यासाठी लाल कापडाचं झबलं भरलं. छातीवर अकरा आरसे, कडेनं बारीक कवड्या.

दिवाळीनंतर राखी ऑटोतून उतरली तेव्हा पोराच्या अंगात पिस्ता रंगाचा स्वेटर होता, डोक्यावर त्याच रंगाचं टोपडं आणि पायात मोजे. तांड्यातल्या बायका गोळा झाल्या. पोराचं नाक कोणावर गेलं हे पाहण्याआधी त्यांनी स्वेटर चाचपला.

"मशीनचा हाय काय वं?" एकीनं विचारलं.

"नाही, माझ्या याडीनं विणला," राखी आईचं कौतुक करत म्हणाली. "ती बारा नंबरच्या सुईवर विणते. म्हणून असं बारीक येते."

रामीबाईनं आत जाऊन झबलं आणलं. राखीनं ते हातात घेतलं, आरशांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, लय सुंदर झालं. पण आरसे टोचतील ना त्याले. थोडा मोठा होऊ द्या." आणि तिनं ते घडी घालून लोखंडी कपाटात ठेवलं.

ती चांगल्या शब्दांत बोलली होती, आणि तिचं खरंही होतं. तीन महिन्यांच्या पोराला आरसे टोचणारच. तेच रामीबाईला जास्त लागलं. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

त्यानंतर रोज सकाळी राखीच्या फोनवर संगीताचा चेहरा यायचा. "आज कोणता घातला? पिवळा घातला? टोपडं घट्ट तर होत नाही ना?" पोराला रामीबाईच मांडीवर घेऊन बसलेली असायची, पण फोन तिच्याकडे वळला की संगीता म्हणायची, "समधण, थोडं खाली करा ना हात, गळा दिसून नाही राह्यला." रामीबाई हात खाली करायची. त्या चौकोनात स्वेटर दिसायचा, पोर दिसायचं आणि तिचं स्वतःचं फक्त मनगट दिसायचं.

तिनं लहान लहान गोष्टी सुरू केल्या. स्वेटर वाळला नाही असं सांगून त्याला दुकानातला साधा बनियन घालायचा. टोपडं बाजेखाली गेलेलं दिसलं तरी उचलायचं नाही. तांड्यातली एखादी बाई म्हणाली, "तुह्या ईनबाईच्या हातात जादू हाय," की रामीबाई म्हणायची, "सुई मोठी असली की कोणीही करते." आपण काय बोललो हे तिला स्वतःलाच पटायचं नाही.

कापसाची दुसरी वेचणी झाली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी ती एकटी दिग्रसला गेली. लोकरीच्या दुकानात काउंटरवर तिनं विणायच्या सुया मागितल्या.

"कोणासाठी पाह्यजे?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्यासाठीच."

"पहिल्यांदा शिकून राह्यल्या काय?"

"नाही," रामीबाई म्हणाली. "बारा नंबरच्या द्या."

दुकानदारानं स्टीलच्या दोन सुया पुढे ठेवल्या. काडीसारख्या बारीक, गुळगुळीत. "बाई, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, मालूम हाय ना? नवीन हात असन तर आठ नंबर घ्या. लाकडाची. टाके घसरत नाहीत त्याच्यावरून."

"मले कायले सांगता? बारा द्या."

लोकर तिनं गर्द मरून घेतली. संगीता सगळं फिकं विणायची, म्हणून.

घरात बसून शिकायची सोय नव्हती, राखी होती. म्हणून रामीबाई कापूस भरून ठेवलेल्या मागच्या खोलीत जायची. नवऱ्याचा फोन समोर उभा करायची आणि त्यातली एक हिंदी बोलणारी बाई काय करते ते पाहायची. ती बाई दोन्ही सुया काखेत धरल्यासारख्या धरून भराभरा बोलायची. रामीबाईचे टाके सुईवर चढायचे आणि दुसऱ्या टोकानं निसटून पडायचे. काळपट लोकरीत टाका कुठे संपला ते दिसायचं नाही. वर कापसाचे तंतू तिला चिकटायचे. सहा दिवसांत तिच्याकडे चार बोटं रुंदीचा एक गोळा तयार झाला. तो पाहून तिचा नवरा लखीराम म्हणाला, "हे काय, भांडे घासाचं हाय?"

लखीरामनं मुद्दाम चिडवलं नव्हतं. पण ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

शेवटी ती शेजारच्या गावात भागीरथाबाईकडे गेली. भागीरथाबाई पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होती. आता पासष्टीला आलेली, गुडघे दुखतात म्हणून ओट्यावर बसून दिवसभर मफलर विणायची. तिनं तो मरून गोळा हातात घेतला, मग सुया पाहिल्या.

"ह्या कोणी देल्या तुले?"

"म्याच घेतल्या."

"बारा नंबरले मी अजून भेतो. स्टील घसरते, लोकर काळी, टाका डोळ्याले दिसत नाही. तुले शिकाचं हाय का स्वतःले तरास द्याचा हाय?"

"ह्या सुईले नेढंच नाही," रामीबाई म्हणाली. खरी तक्रार तीच होती. पन्नास वर्षं जिच्या नेढ्यात धागा ओवला तीच सुई इथं अनोळखी झाली होती.

"ओवाचं कायले? हे सुई टाके धरून ठेवते, बस. जेवढी सुई जाड तेवढा टाका मोठा. मोठा टाका दिसते. दिसला की चूक समजते." भागीरथाबाईनं पिशवीतून बांबूच्या दोन सुया काढल्या. वापरून त्यांचा रंग मधासारखा झाला होता. "आठ नंबर. लोकर फिकी घे, ना जाड ना बारीक. वीस टाके घाल. अन् सगळे सुलट. उलट टाका आत्ता शिकाचा नाही, डिझाईनचं तर नावच घ्याचं नाही."

"कायचं होते मंग सगळं सुलट विणून?"

"मफलर होते. लेकराचा लहानसा." मग तिनं वर पाहिलं. "कोणासाठी करून राह्यली?"

"नातवासाठी."

"त्याच्या दुसऱ्या आजीनं एवढं देलं ना?"

"म्हणूनच," रामीबाई म्हणाली.

भागीरथाबाईनं मागून येऊन रामीबाईचे हात आपल्या हातात धरले आणि पहिली ओळ करून घेतली. सुई टाक्यात घाल, धागा फिरव, बाहेर ओढ, जुना टाका सोड. पुन्हा.

बांबूवर टाके खरंच थांबले. फिक्या पिवळ्या लोकरीत एकेक टाका भाताच्या शितासारखा वेगळा दिसायला लागला. तरी चुका व्हायच्याच. वीस टाक्यांचे दहा ओळींनी सत्तावीस झाले. कुठून आले ते तिला कळेना. भागीरथाबाईनं सुई ओढून काढली आणि सगळं सर्रकन उसवून टाकलं. काचळीवर बसलेला टाका रामीबाईनं आयुष्यात कधी उसवला नव्हता.

"याच्यात उसवाचं भेव नाही ठेवाचं," भागीरथाबाई म्हणाली. "लोकर तेवढीच राह्यते."

पौष लागेपर्यंत रामीबाईचा मफलर वीतभर झाला होता. कडा वाकड्या होत्या, पण भोकं नव्हती. तिला बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात तिचा मुलगा लखन दिग्रसला गेला होता तो सासूकडून आणखी एक टोपडं घेऊन आला. कानांवर वेणीची नक्षी असलेलं. राखीनं ते पोराला घातलं, फोटो काढला आणि तिथल्या तिथं आईला पाठवला. रामीबाईनं आपला वीतभर मफलर पिशवीत खाली सारला.

दुसऱ्या दिवशी राखी पोराला लस द्यायला उपकेंद्रात घेऊन गेली. घरात कोणी नव्हतं. पिस्ता रंगाचा स्वेटर दोरीवर वाळत होता. रामीबाईनं तो काढला आणि मागच्या खोलीत नेला. तिला फक्त गळ्याची पट्टी कशी बंद केली ते पाहायचं होतं. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. तिनं तो उलटा केला. आतली बाजू बाहेरच्या इतकीच साफ होती. एक गाठ नाही, एक सुटलेला धागा नाही. काचळी असती तर तिनं ती काही न बोलता परत दिली असती. हा परत द्यायला समोर कोणी नव्हतं.

तिनं गळ्याजवळचं टोक शोधलं, कात्रीनं एक धागा कापला आणि ओढला. पट्टी उसवायला लागली. तिथं थांबता आलं असतं. गळा गेला, मग खांद्याची शिवण आडवी आली. ती तिनं कापली. बाह्या कापल्या. ओळीमागून ओळ सुटत गेली तसा तिचा श्वास मोकळा व्हायला लागला. तासाभरात तिच्या मांडीवर लोकरीचा एक हिरवा गुंडा होता, आणि स्वेटर नव्हता. गुंडा तिनं पिशवीत मफलरखाली सारला.

राखी परत आली. दोरीकडे पाहून म्हणाली, "आई, पिस्ता स्वेटर कुठं गेला?"

"वांदरानं नेला असन," रामीबाई म्हणाली. "सकाळी आलते इकडे."

ते सगळ्यांना पटलं. वानरांनी त्या हिवाळ्यात कोणाचं लुगडं, कोणाची भाकर नेलीच होती. लखीराम काठी घेऊन नाल्याकडच्या झाडांखाली हिंडून आला. शेजारच्या पोरींनी आंब्यावर काही हिरवं दिसतं का ते पाहिलं. सगळे एवढे शोधत होते आणि रामीबाई चुलीपुढे मान खाली घालून बसली होती.

फोनवर संगीता हसली. "जाऊ द्या वं. दुसरा विणतो."

आठ दिवसांत दुसरा आला. तोच रंग, आणि खालच्या कडेला पांढऱ्या बदकांची रांग. पहिल्यापेक्षा देखणा. रामीबाईनं तो आपल्या हातांनी पोराला घातला, कारण राखी भाकरी थापत होती. गुंड्या लावता लावता तिला वाटलं, हिच्यापाशी किती आहे. एक नेलं की दुसरं काढते, आणि हसते.

माघात ओमचं जावळ काढायचं ठरलं. संगीता आदल्या दिवशी सकाळीच आली. तिला पोराजवळ बसवून राखी पाण्याला गेली. संगीताला पोराची लाळ पुसायला फडकं हवं होतं. तिनं कोपऱ्यातली पिशवी ओढली. वर पिवळा मफलर होता. तो तिनं बाजूला ठेवला. खाली हिरवा गुंडा.

रामीबाई दारात आली तेव्हा संगीता गुंडा हातात धरून बसली होती. तिनं धाग्याचं टोक ओढून उजेडात धरलं. धागा सरळ नव्हता, केसांसारखा कुरळा झाला होता. नव्या लोकरीचा धागा तसा नसतो. एकदा विणून उसवलेल्याचाच असतो. विणणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही.

"वांदरानं गुंडा चांगला केला," संगीता म्हणाली.

रामीबाई उंबऱ्यातच बसली. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "म्या उसवला," ती म्हणाली.

"काहून?"

"तुमचं त्याच्या अंगावर पाह्यवत नव्हतं."

संगीतानं धाग्याचं टोक पुन्हा गुंड्याभोवती गुंडाळलं. पोर पाय झाडत होतं.

"दहा दिवस लागलेते मले त्याले," मग ती म्हणाली. "राखी नवव्या महिन्यात होती तेव्हा. ती झोपली की मी बसत होतो." तिनं गुंडा पिशवीत ठेवला. "माझ्या लेकीले सांगत नाही मी. तिले याच घरात राह्याचं हाय. पण आता मी काही पाठवत नाही, समधण. तुम्हीच घाला काय घालाचं ते."

जावळ झालं. संगीता सगळ्यांशी बोलली, हसली, जेवली, आणि मुक्कामाचं ठरलेलं असून चारच्या गाडीनं निघून गेली.

चार दिवस रामीबाईला फार हलकं वाटलं. जे हवं होतं ते झालं होतं. दिग्रसहून काही येत नव्हतं, फोनही दोन मिनिटांत आटपायचा. तिनं मफलर पूर्ण केला, पोराच्या गळ्यात घातला. कोणी काही म्हणालं नाही. राखी फक्त म्हणाली, "छान झाला, आई," आणि तिचं लक्ष फोनकडे गेलं.

पाचव्या दिवशी राखी रडत होती. "याडीचे डोळे दुखून राह्यले म्हणे. विणणं बंद केलं तिनं. कधीच बंद करत नाही ती. काहीतरी मोठं हाय, मले सांगत नाही. आपण तिले यवतमाळला दाखवू या ना?"

लखन गाडीची चौकशी करायला लागला. लखीराम म्हणाला, "डोळ्याचं काम हाय, उशीर करू नका." रामीबाई सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी उचलली. "मी पाह्यून येतो आधी. मंग ठरवा," ती म्हणाली आणि फाट्यावर जाऊन एसटीत बसली.

संगीतानं दार उघडलं, पाणी दिलं. बसा म्हणाली नाही.

"तुमचे डोळे दुखत नाहीत," रामीबाई म्हणाली.

"नाही."

"राखी रडून राह्यली. तिले सांगून टाकतो मी खरं काय ते. मंग तुम्ही पाठवा काय पाठवाचं ते." तिनं हिरवा गुंडा आणि बांबूच्या सुया काढून बाजेवर ठेवल्या. "नाहीतर मले शिकवा. उलट टाका मले येत नाही. म्या उसवला, म्याच भरून देतो."

संगीतानं सुया उचलून पाहिल्या. "आठ नंबर. कोणी सांगतल्या?"

"भागीरथाबाईनं. पहिले म्या बारा घेतल्या होत्या."

"बारा? पहिल्यांदा?" संगीताच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "काहून?"

"तुम्ही बारावर विणता म्हणून."

संगीता खाली बसली. मग तिनं रामीबाईलाही बसायला सांगितलं. "तुम्हाले एक सांगू?" ती म्हणाली. "तीन महिने तो माझ्यापाशी होता. ऑटो गेला त्या दिवशी घरात आवाजच राह्यला नाही. फोनवर मी स्वेटर पाह्यत नव्हतो. तुमच्या मांडीवर तो कसा गप बसते ते पाह्यत होतो. फोन ठेवला की मले जेवण जात नव्हतं."

रामीबाईला वाईट वाटलं, आणि त्याच्या तळाशी थोडा आनंदही झाला. तो आनंद तिनं लपवला.

त्या दिवशी विणकाम झालं नाही. कुरळी लोकर आधी सरळ करावी लागते. संगीतानं तिची लडी केली, कोमट पाण्यात भिजवली आणि खाली पितळी तांब्याचं वजन बांधून मोरीवर टांगली. "उद्या या," ती म्हणाली. रामीबाई दुसऱ्या दिवशी आली, आणि मग एक दिवसाआड येत राहिली. कधी राखी आणि पोरही बरोबर असायचं. राखीला तिनं पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. राखी दोन दिवस सासूशी जेवढ्यास तेवढंच बोलली. मग पोराला ताप आला आणि बोलणं आपोआप सुरू झालं.

संगीतानं काम वाटून दिलं. लोकर जाडसर नव्हती म्हणून आठऐवजी दहा नंबरच्या सुया घेतल्या. "आठवर जाळी होईल, बारावर तुमचा हात आखडेल," ती म्हणाली. पुढचे दोन भाग, बाह्या आणि गळा संगीताचे. पाठ रामीबाईची. पाठीला नक्षी लागत नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, बस. रामीबाईला कळत होतं की आपल्याला सोपं दिलंय. ती दात आवळून विणायची. तिची एक ओळ होईपर्यंत संगीताच्या चार व्हायच्या, आणि त्या करताना संगीता सुयांकडे पाहायचीसुद्धा नाही. हे रामीबाईला शेवटपर्यंत सहन झालं नाही. दोनदा तिनं मुद्दाम चहा मागितला, नुसता तो हात थांबावा म्हणून.

स्वेटर होळीच्या आधी पुरा झाला, तोवर थंडी सरत आली होती. संगीताकडची उरलेली तीच लोकर जोडून मापानं दीड वर्षाचा केला होता, म्हणून तो पुढच्या हिवाळ्यातही चालणार होता. पुढची बाजू घट्ट, एकसारखी. पाठ थोडी सैल, खाली एका जागी टाका सुटलेला आणि वरून शिवून घेतलेला.

आता तांड्यातल्या बायका पोराला पाहायला येतात आणि पुढून स्वेटर चाचपून म्हणतात, "तुह्या ईनबाईचा हात काही वेगळाच हाय." रामीबाई त्यांना बोलू देते. मग ती ओमला काखेत घेते आणि त्याची पाठ त्यांच्याकडे वळवते.